धबधब्याच्या माथ्यावरचे घर

मुलामुलींच्या आग्रहाखातर अमेरिकेला जाणाऱ्या ज्येष्ठ मंडळींच्या प्रवासाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. न्यूयॉर्कची उंच शिखरे, वॉशिंग्टनमधील स्मारके, नायगाराचा धबधबा आणि वाटेत पिट्सबर्गला थांबणे. पिट्सबर्गच्या परिसरात डोंगरावरचे व्यंकटेश्वराचे देवालय आहे, मनरोव्हिल येथे हिंदू-जैन मंदिर आहे. तेथे दर्शन होते, ओळखीची चार माणसे भेटतात आणि मंडळी पुढच्या मुक्कामाकडे निघतात. याच पिट्सबर्गपासून आग्नेयेकडे मोटारीने दीड-दोन तासांच्या अंतरावर, मिल रन नावाच्या लहानशा वस्तीजवळील दाट अरण्यात, एक घर उभे आहे. ते कोणा राजाचे नाही, राष्ट्राध्यक्षाचे नाही. एका दुकानदार कुटुंबाने सुटीचे दिवस घालवण्यासाठी ते बांधून घेतले. तरीही १९६४ मध्ये सर्वांसाठी खुले झाल्यापासून आजवर साठ लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. या घराचे नाव 'फॉलिंगवॉटर'.

घर पाहण्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. मार्गदर्शकासोबत लहान लहान गटांनीच आत जाता येते. स्वागतकक्षापासून घरापर्यंत थोडी पायवाट आहे. दोन्ही बाजूंना ओक, मेपलची उंच झाडे आणि ऱ्होडोडेंड्रॉनची दाट झुडपे. घर दिसण्याआधी पाण्याचा आवाज ऐकू येतो. पुढे वळण येते, झाडांची फांदी बाजूला होते, आणि फिकट पिवळसर रंगाच्या रुंद गच्च्या एकीवर एक, वेगवेगळ्या दिशांनी, हवेत पुढे आलेल्या दिसतात. त्यांच्या खालून बेअर रन नावाचा ओढा वाहत येऊन खडकांवरून कोसळतो. प्रथम पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: हे घर पडत कसे नाही?

हा प्रश्न अज्ञानातून आलेला नाही. घर बांधून घेणाऱ्या मालकालाही तोच प्रश्न पडला होता, त्याच्या अभियंत्यांनाही पडला होता, आणि साठ वर्षांनी तो पुन्हा अत्यंत गंभीरपणे विचारावा लागला.

मालक आणि वास्तुशिल्पी

एडगर कॉफमन हे पिट्सबर्गमधील एका मोठ्या बहुविभागी दुकानाचे मालक. बेअर रनच्या काठची ही जमीन पूर्वी त्यांच्या दुकानातील कर्मचाऱ्यांच्या उन्हाळी शिबिरासाठी वापरली जात असे. पुढे ती कुटुंबाच्या मालकीची झाली. सुटीच्या दिवशी कॉफमन, त्यांच्या पत्नी लिलियन आणि मुलगा या ओढ्यात पोहत, धबधब्याजवळच्या मोठ्या शिळेवर ऊन खात बसत. येथे कायमचे, सोयीचे घर असावे असे त्यांना वाटू लागले.

त्यांचा मुलगा, त्याचेही नाव एडगरच, १९३४ मध्ये फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पीकडे काही काळ शिकायला राहिला होता. राइट यांनी तेव्हा पासष्टी ओलांडली होती. एके काळी त्यांची कीर्ती युरोपपर्यंत पोहोचली होती. परंतु जागतिक मंदीच्या त्या दिवसांत त्यांच्याकडे कामे फारशी उरली नव्हती, आणि नव्या पिढीचे टीकाकार त्यांना जुन्या जमान्यातील माणूस समजू लागले होते. मुलामुळे वडिलांची व राइट यांची ओळख झाली. १९३४ च्या डिसेंबरात राइट यांनी जागा पाहिली आणि एकच मागणी केली: परिसराचा असा नकाशा हवा, ज्यात प्रत्येक मोठी शिळा आणि प्रत्येक मोठे झाड दाखवलेले असेल.

नकाशा मिळाल्यानंतर कित्येक महिने राइट यांनी कागदावर एक रेघही ओढली नाही, असे त्यांचे शिष्य सांगत. १९३५ च्या सप्टेंबरमध्ये कॉफमन यांचा मिलवॉकीहून दूरध्वनी आला की, आराखडा पाहायला ते निघाले आहेत. मोटारीने येण्यास दोन-अडीच तास लागणार होते. राइट टेबलाशी बसले आणि पाहुणा दारात येईपर्यंत घराचे मूळ आराखडे तयार होते. ही कथा सांगणारे शिष्य त्या वेळी शेजारी उभे राहून पेन्सिलींना टोक काढून देत होते. मनात तयार असलेलेच घर त्या दिवशी कागदावर उतरले असावे.

आराखडा पाहून कॉफमन चकित झाले. त्यांची कल्पना अशी की, घर ओढ्याच्या खालच्या अंगाला असेल आणि खिडकीतून धबधबा दिसेल. राइट यांनी घर धबधब्याच्या माथ्यावरच ठेवले होते. रोज नुसता पाहिलेला धबधबा काही दिवसांनी भिंतीवरच्या तसबिरीसारखा होतो; कुटुंबाने त्याच्याबरोबर राहावे, अशी राइट यांची धारणा होती. परिणाम मोठा विलक्षण झाला. ज्या धबधब्यासाठी घर बांधले, तो त्याच्या दिवाणखान्यात बसून दिसत नाही. फक्त ऐकू येतो, दिवसरात्र, प्रत्येक खोलीत.

उंबरठ्याच्या आत

एवढ्या प्रसिद्ध घराचे प्रवेशद्वार मात्र शोधावे लागते. ते मागच्या बाजूस, दगडी भिंतींच्या बेचक्यात, काहीसे अंधारात आहे. दाराशेजारी पाय धुण्यासाठी वाहत्या पाण्याचे लहानसे कुंड केलेले आहे. रानातून, ओढ्यातून फिरून येणाऱ्याने पाय धुऊन आत यावे, ही सोय पाहून भारतीय पाहुण्याच्या चेहऱ्यावर हसू उमटल्याशिवाय राहत नाही.

आतला प्रवेशमार्ग अरुंद आणि छत बुटके. तीन पायऱ्या चढून दिवाणखान्यात पाऊल टाकताच जागा एकदम मोकळी होते, आणि नजर सरळ समोरच्या काचांतून झाडांच्या शेंड्यांकडे जाते. हे राइट यांनी जाणूनबुजून केले आहे. घरातील बोळ अरुंद आणि काळोखे, म्हणजे तेथे कोणी रेंगाळू नये. खोल्यांची छते कमी उंचीची, म्हणजे नजर वर न जाता बाहेर जावी. एकूण ५,३३० चौरस फूट क्षेत्रापैकी २,८८५ चौरस फूट बंदिस्त आहे आणि उरलेले २,४४५ चौरस फूट गच्च्यांचे. घराचा जवळजवळ निम्मा भाग उघड्या आकाशाखाली ठेवणारा हा हिशेब बरेच काही सांगून जातो.

भिंतींचा दगड लांबून आणलेला नाही. तो जवळच्याच खाणीतून काढला. गवंड्यांनी त्याचे थर मुद्दाम मागेपुढे रचले आहेत, त्यामुळे ओढ्याच्या काठच्या नैसर्गिक खडकाचे थर आणि घराची भिंत यांत साम्य दिसते. काही ठिकाणी खिडकीची काच चौकटीविना थेट दगडात बसवली आहे. आतली भिंत कोठे संपते आणि बाहेरची कोठे सुरू होते, ते क्षणभर कळत नाही. कोपऱ्यातील काही खिडक्यांना मधला खांबच नाही. दोन्ही झडपा उघडल्या की कोपराच नाहीसा होतो. काँक्रीटला दिलेला फिकट पिवळसर रंग ऱ्होडोडेंड्रॉनच्या सुकलेल्या पानाचा आहे, आणि खिडक्यांच्या पोलादी चौकटींचा रंग गेरूसारखा तांबडा.

दिवाणखान्याच्या मध्यभागी शेकोटी आहे. तिच्यासमोर जमिनीतून एक ओबडधोबड शिळा वर आलेली दिसते. कॉफमन कुटुंब ऊन खात बसत असे, तीच ही शिळा. घर तिच्याभोवती बांधले गेले. तिचा माथा सपाट करण्याचा राइट यांचा मूळ विचार होता, परंतु ती जशी आहे तशीच राहू द्यावी, अशी इच्छा कॉफमन यांनी व्यक्त केली आणि ती मानली गेली. सभोवतालच्या दगडी फरशीला मेणाने चकाकी दिलेली आहे, शिळेला मात्र नाही. त्यामुळे वाहत्या पाण्यातून कोरडा खडक डोके वर काढतो, तसे ते दृश्य दिसते.

दिवाणखान्याच्या एका बाजूस काचेचे झाकण सरकवले की खाली जाणारा अधांतरी जिना दिसतो. तो वरच्या तळातून टांगलेला असून ओढ्याच्या पाण्याशी जाऊन संपतो. उन्हाळ्यात या वाटेने ओढ्याचा गारवा वर येतो.

वरच्या मजल्यावरील खोल्या लहान आहेत. तेथील एका लिहिण्याच्या टेबलाला पाव वर्तुळाचा छेद दिलेला आहे, कारण टेबल अखंड ठेवले असते तर खिडकीची झडप उघडली नसती. बाहेर, वाटेवरच्या काँक्रीटच्या एका तुळईला मधेच बाक दिलेला आहे, कारण तेथे झाड उभे होते. असे तपशील पाहणाऱ्याच्या लक्षात दीर्घकाळ राहतात.

सज्जाचे गणित

या घराचे सौंदर्य त्याच्या गच्च्यांत आहे आणि त्याची चिंताही तेथेच आहे. आपल्याकडील जुन्या वाड्यांना भिंतीबाहेर आलेले सज्जे असत; त्यांचे एक टोक भिंतीत घट्ट रुतलेले आणि दुसरे मोकळे. सज्जा दोन-तीन फुटांचा असतो आणि बहुधा त्याखाली तिरके लाकडी आधार असतात. फॉलिंगवॉटरची मुख्य गच्ची आधारापासून सुमारे १५ फूट पुढे ओढ्यावर आलेली आहे आणि तिच्या मोकळ्या टोकाखाली एकही खांब नाही. भरीस भर म्हणजे, वरच्या मजल्याच्या गच्चीचा काही भार दिवाणखान्याच्या खिडक्यांमधील पोलादी पट्ट्यांतून खालच्या गच्चीवर येतो. म्हणजे खालचा सज्जा स्वतःचा भार तर वाहतोच, शिवाय वरच्या सज्जालाही खांदा देतो.

कॉफमन व्यापारी होते. स्वप्न पाहायला त्यांची हरकत नव्हती, पण तारण तपासून पाहण्याची सवयही सुटली नव्हती. त्यांनी आराखडे पिट्सबर्गमधील अभियंत्यांना दाखवले. अभियंत्यांनी प्रतिकूल अभिप्राय दिला. राइट संतापले, आराखडे परत मागितले. अखेर मालकाने माघार घेतली आणि तो अहवाल घराच्या एका दगडी भिंतीत चिणून टाकण्यात आला.

१९३६ मध्ये बांधकाम सुरू झाले. मुख्य गच्चीचे काँक्रीट पडण्याआधी दुसऱ्या अभियंत्यांनी तुळयांतील सळया अपुऱ्या असल्याचे सांगितले, आणि राइट यांना न विचारता त्या जवळपास दुप्पट करण्यात आल्या. ही गोष्ट कळताच राइट यांनी संतप्त पत्र लिहिले आणि जागेवरील आपल्या शिष्याला परत बोलावले. पुढे सेंट्रिंग काढले तेव्हा गच्चीचे टोक पावणेदोन इंच खाली आले. गच्च्यांच्या कठड्यांवर भेगाही दिसू लागल्या.

याच सुमारास आणखी एक प्रसंग घडला. काळजीपोटी कॉफमन यांनी एका गच्चीखाली आधाराची दगडी भिंत बांधून घेतली. राइट यांनी गुपचूप तिचा सर्वांत वरचा थर काढून टाकला. काही काळाने मालकासमोर त्यांनी ती फट दाखवली: भिंत गच्चीला टेकलेलीच नव्हती, आणि गच्ची तरीही उभी होती! ही आधारभिंत मग पाडण्यात आली. ही कथा राइट यांच्या आत्मविश्वासाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण त्या मोठ्या गच्चीच्या पोटात कोणी जास्तीच्या सळया घातल्या होत्या, हे तितक्या आवर्जून सांगितले जात नाही.

खर्चाचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. प्रारंभीचा अंदाज सुमारे ३५,००० डॉलरचा होता. प्रत्यक्षात घराला ७५,००० डॉलर, अंतर्गत सजावट व फर्निचरला २२,०००, डोंगराच्या वरच्या अंगाला १९३९ मध्ये पूर्ण झालेल्या अतिथीगृहाला व त्याला जोडलेल्या बांधकामाला ५०,००० आणि वास्तुशिल्पीच्या शुल्कापोटी ८,००० डॉलर लागले. एकूण १,५५,००० डॉलर, म्हणजे अंदाजाच्या चौपटीहून अधिक. शिवाय छत गळत होते ते निराळेच. पावसात किती बादल्या मांडाव्या लागतात यावरून कॉफमन आपल्या घराला विनोदाने 'सात बादल्यांचे घर' म्हणत, असे सांगतात.

तरीही त्यांनी ते घर सोडले नाही. उलट, १९४१ पासून ते मोजणीदाराकडून गच्च्यांच्या कठड्यांची पातळी नियमित मोजून घेत. बँकेच्या पासबुकात नोंदी व्हाव्यात, तशा त्या नोंदी होत गेल्या. १९५५ मध्ये कॉफमन यांचे निधन झाले आणि मोजणी थांबली. गच्च्यांचे खाली येणे मात्र थांबले नाही. सततच्या भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षे कणाकणाने वाकत राहते, हा त्याचा स्वभाव आहे.

वारसा आणि त्याची निगा

धाकटे एडगर कॉफमन पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात काम करू लागले व नंतर विद्यापीठात वास्तुकलेचा इतिहास शिकवू लागले. आईवडिलांच्या पश्चात घर त्यांच्याकडे आले. ते विकून टाकणे किंवा स्वतःपुरते ठेवणे त्यांना सहज शक्य होते. १९६३ मध्ये त्यांनी ते सभोवतालच्या अरण्यासह 'वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी' या निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केले. घर वास्तुसंग्रहालयाकडे न देता जंगले आणि जलस्रोत सांभाळणाऱ्या संस्थेकडे दिले, यात मोठा विचार होता. ओढा आटला किंवा गढूळ झाला, झाडी तुटली, तर या घराला काय अर्थ उरणार? घर हे घरासारखेच दिसावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच आजही तेथे टेबलावर पुस्तके असतात, फुलदाणीत ताजी फुले असतात आणि पाहुण्यांना अडवणाऱ्या दोऱ्या कोठे दिसत नाहीत.

१९९० च्या दशकात संगणकाच्या साहाय्याने गच्च्यांचा नव्याने अभ्यास झाला, आणि काही ठिकाणी त्या सात इंचांपर्यंत खाली आल्याचे आढळले. राइट यांच्या मूळ हिशेबाप्रमाणे सळया घातल्या असत्या तर गच्ची कदाचित पहिल्याच दिवशी कोसळली असती, असा निष्कर्ष अभियंत्यांनी काढला. १९९७ मध्ये मुख्य गच्चीखाली ओढ्याच्या पात्रात पोलादी टेकू उभे करावे लागले. ज्या घराची कीर्ती आधाराविना उभे राहण्यात, त्याला टेकू लावण्याची वेळ आली होती.

पुढची दुरुस्ती अभियंते रॉबर्ट सिलमन यांच्या मार्गदर्शनाखाली २००२ मध्ये पार पडली. दिवाणखान्याच्या फरशीच्या दगडांना क्रमांक देऊन ते काढण्यात आले. खालच्या तुळयांच्या बाजूने अतिशय मजबूत पोलादी तारांचे जुडगे बसवून ते जॅकने ताणण्यात आले. सैल झालेल्या खाटेची दोरी ओढून घ्यावी, तसाच हा प्रकार. मग प्रत्येक दगड आपापल्या क्रमांकाप्रमाणे जागच्या जागी परत बसवला. टेकू निघाले. गच्ची पूर्ववत सरळ करण्याचा अट्टाहास कोणी केला नाही, कारण तसे करताना इतर भागांना तडे गेले असते. तिचे वाकणे थांबवले, एवढेच. गळतीची, खिडक्यांची व इतर कामे धरून या जीर्णोद्धाराला सुमारे १ कोटी १५ लाख डॉलर लागले. घर बांधायला दीड लाख आणि सावरायला सव्वा कोटीच्या जवळपास! रुपयांचे, काळाचे आणि महागाईचे सगळे हिशेब लक्षात घेतले तरी, बांधण्यापेक्षा सांभाळणे महाग असते, हे जे प्रत्येक गृहस्थ जाणतो, तेच येथे मोठ्या अक्षरांत लिहिलेले दिसते.

राइट यांचा भारताशीही एक धागा जुळला होता. अहमदाबादच्या साराभाई कुटुंबातील गौतम आणि गिरा ही भावंडे १९४० च्या दशकात राइट यांच्याकडे राहून काम शिकली, आणि १९४६ च्या सुमारास राइट यांनी कॅलिको मिलसाठी अहमदाबादेत एका इमारतीचा आराखडाही केला. ती इमारत प्रत्यक्षात उभी राहिली नाही. परंतु या भावंडांनी पुढे कॅलिको वस्त्रसंग्रहालय उभारले आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या जडणघडणीत मोलाचा वाटा उचलला.

शेवटचा थांबा

घर पाहून झाले की मार्गदर्शक पाहुण्यांना ओढ्याच्या खालच्या अंगाला जाण्याची वाट दाखवतो. थोडे उतरून गेल्यावर मोकळी जागा येते, आणि पुस्तकांत, दिनदर्शिकांत शेकडो वेळा पाहिलेले ते दृश्य प्रत्यक्ष समोर उभे राहते: खाली कोसळणारे पाणी, वर गच्च्या, त्यांच्याही वर झाडी. कॉफमन यांना घर नेमके या जागी हवे होते. त्यांची ती इच्छा पूर्ण झाली असती, तर येथे एक सुंदर बंगला आणि समोर एक सुंदर धबधबा असता, दोन्ही वेगवेगळे.

येथून बारकाईने पाहिले तर मुख्य गच्चीचा कठडा पूर्णपणे समपातळीत नाही, हे जाणकार नजरेला कळते. तो किंचित कललेला आहे, आणि तसाच राहणार आहे. त्याच्या पोटात राइट यांनी काढलेली रेघ आहे, अभियंत्यांनी घातलेल्या जास्तीच्या सळया आहेत आणि साठ वर्षांनी ताणलेल्या पोलादी ताराही आहेत. १९९१ मध्ये अमेरिकेतील वास्तुशिल्पींच्या राष्ट्रीय संस्थेच्या सभासदांनी आपल्या देशातील सर्वोत्तम वास्तू म्हणून या घराची निवड केली, तेव्हा दारावर नाव एकट्या राइट यांचे होते. मोजमापे घेणाऱ्या मालकाचे, भिंतीत चिणलेल्या अहवालाच्या लेखकांचे आणि दगडांवर क्रमांक टाकणाऱ्या कारागिरांचे नाव तेथे नव्हते. पाहुणे छायाचित्र घेऊन परत फिरतात. चढणीवर वळण आले की घर झाडीआड जाते, आणि बराच वेळ मागून पाण्याचा आवाज तेवढा येत राहतो.